रक्तपेढ्या रक्त फेकून देतात म्हणे? तो मेसेज अर्धवट आहे

सोलापुरातल्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरायलाय, "जयंतीच्या शिबिरात दिलेलं रक्त पेढीवाले गटारीत ओततात, रक्त देऊ नका". ओततात हे खोटंय, पण काही पिशव्या बाद होतात हे खरंय, अन् त्याला कारणं आहेत.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी टेस्ट करावीच लागते, त्यात पॉझिटिव्ह आली की ती पिशवी कुणालाच देता येत नाही, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं जंतू मारायचं मशीन) घालून नष्ट करतात. दुसरं म्हणजे एक्सपायरी. लाल पेशी २ ते ६ डिग्रीत ठेवून ३५ दिवस, पिशवीत सॅगएम (पेशी जास्त दिवस टिकवणारं द्रावण) असलं तर ४२. प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवतच नाहीत, २०-२४ डिग्रीत हलत्या ट्रेवर ठेवायच्या, तेही फक्त ५ दिवस!! म्हणून ज्याची तारीख आधी संपते ती पिशवी आधी बाहेर काढतात, तरी सगळ्या मंडळांनी एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात शिबिरं घेतली तर फ्रिज भरून वाहतो, न वापरलेल्या पिशव्यांची तारीख एकदमच संपते, आणि मे संपता संपता, ऊन ४२-४३ वर असताना, नातेवाईक ओ निगेटिव्हसाठी फोन लावत बसतात.

पैशाचं म्हणाल तर रक्त विकायला बंदीच आहे, घेतात तो टेस्ट-प्रोसेसिंगचा चार्ज. जास्त लावला वाटलं तर पावती मागा की, बिनधास्त.

मंडळवाल्यांनो, तारीख ठरवायच्या आधी पेढीत फोन करून कोणत्या ग्रुपचा साठा कमी आहे ते विचारा. पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी परत देता येतं.