डायट चिवडा आणि देशभक्ती

सकाळी टेकडीवरून घाम गाळून आले, चहा (बिनसाखरेचा, म्हणजे नुसतंच गरम पाणी) घेतला आणि सोसायटीचा ग्रुप उघडला. वरच्या मजल्यावरच्या काकांचा लांबलचक फॉरवर्ड. परदेशांशी होणारा प्रत्येक व्यापार करार म्हणजे गुलामी, चार तिरंगे, जागे व्हा वगैरे. त्याच्याच खाली, टेकडीवरच्या माझ्या फोटोला त्याच काकांचा रिप्लाय: "छान! फरक दिसतोय. आता फक्त तोंडावर ताबा ठेवा."

तोंडावर ताबा. बरं.

याच काकांनी गेल्या दिवाळीत मला एक पाकीट आणून दिलं होतं. डायट चिवडा. "खास तुझ्यासाठी गं, डाएट करतेस ना." पाकिटावर हिरवं पान, बारीक कमरेची बाई आणि 'भाजका' हा शब्द ठळक अक्षरात. मी पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं. पोहे, आणि पोह्यांनंतर लगेच खाद्य वनस्पती तेल, कंसात पामोलिन, म्हणजे पामतेलाचाच पातळ भाग. मग साखर. मग दाणे, तेही मोजून टाकल्यासारखे.

तर काका, पामोलिन कुठून येतं? लातूरला पामची झाडं नाहीत. बहुतेक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि ते विकत घेण्यात आपला देश जगात पहिला आहे. 2010 पासून आसियानशी, म्हणजे इंडोनेशिया-मलेशिया ज्यात आहेत त्या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी, आपला मुक्त व्यापार करार लागू आहे. त्यात आपण कच्च्या पामतेलावरचं आयात शुल्क 80 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 37.5 टक्क्यांवर आणायचं कबूल केलं होतं. (पुढे महागाईच्या भीतीने आपल्याच सरकारांनी ते त्याच्याही कितीतरी खाली नेलं, त्याचं खापर करारावर फोडता येत नाही, मान्य.) नेपाळचं तर विचारूच नका. तिथे पाम नाही, सोयाबीन नावापुरतं, आणि साफ्टाच्या, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराच्या सवलतीमुळे तिथून रिफाइंड तेल बिनशुल्क आपल्याकडे येतं. या एकाही गोष्टीवर तिरंगेवाला फॉरवर्ड मी आजवर पाहिलेला नाही.

फॉरवर्ड येतात ते फक्त नाव मोठं असेल तेव्हा. नोव्हेंबर 2019 मध्ये आपण बँकॉकला आरसेपमधून (चीन, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आसियान देशांचा मोठा व्यापार करार) बाहेर पडलो, तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. न्यूझीलंडच्या दूध पावडरीने आपले दूधवाले मेले असते, म्हणून. ते बाहेर पडणं बरंच झालं, माझाही मामा डेअरीला दूध घालतो. पण दुधासाठी पेढे वाटणारा माणूस तेलाबद्दल एवढा मुका का?

कारण तेल स्वस्त हवंय. मला माहेरचं दिसतं म्हणून बोलते. माझा भाऊ लातूरजवळ औशाकडे सोयाबीन करतो. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, कारण सोयाबीन हमीभावाच्या खाली, क्विंटलला 4892 रुपयांच्या खाली विकलं जात होतं. तेव्हा ग्रुपवर काय हलकल्लोळ! सणासुदीत तेल महाग केलं, मध्यमवर्गाने जगायचं कसं. मे 2025 मध्ये ते शुल्क पुन्हा बरंच कमी केलं, तेव्हा चिडीचूप. माझ्या भावासाठी कोणी पेढे सोडा, एक शब्दही टाकला नाही. देशप्रेम फोडणीपर्यंत आलं की विरघळतं!

आणि मग तोच स्वस्त डबा घरात येतो, फरसाणात जातो, बिस्किटात जातो, हिरव्या पानाच्या चिवड्यात जातो, आणि आमचे दंड सुटले की उपदेश मात्र आम्हाला. कमी खा. ताबा ठेवा. माणशी दिवसाला साधारण 27 ते 30 ग्रॅम तेल पुरे, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलं. पंतप्रधानांनीही फेब्रुवारी 2025 च्या 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. चांगलंच सांगितलं. मी मोजूनच घालते. पण पाकिटातलं तेल मी कोणत्या चमच्याने मोजू?

मेक्सिकोचं बघा. 1 जानेवारी 1994 ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्ता हा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच दिवशी दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास राज्यात शेतकरी, आदिवासी बंदुका घेऊन उठले. आपला मका आणि जमीन हातची जाईल ही भीती होती त्यांना. अमेरिकेचा स्वस्त मका आलाच, मागोमाग पाकीटबंद खाणंही वाढलं. आज तिथे चारातल्या तीन प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. शेवटी 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर बसवावा लागला. सगळं करारामुळेच झालं असं नाही, शहरं वाढली, कामं बसून झाली, हेही आहेच. पण तिथल्या बायकांना कुणी नुसतं 'तोंडावर ताबा ठेवा' सांगत असेल तर माझा त्यांना लांबून पाठिंबा.

माझं वजन उतरलंय ते जेवण कमी करून आणि चालूनच, हे कबूल करते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी म्हणेलच. भाकरी दोनाची एक, रात्री वरण जास्त आणि भात नावाला, टेकडी, आणि घरी डंबेल्स, ज्यांना सासूबाई 'ते लोखंड' म्हणतात. मेहनत लागते. पण ही मेहनत मी करू शकते कारण माझ्याकडे सकाळचा तास आहे आणि सोलापूरहून करडईचं घाण्याचं तेल मागवण्याइतके पैसे आहेत. आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींकडे दोन्ही नाही. त्यांची मुलगी पाच रुपयांच्या पाकिटावर शाळेचा डबा भागवते. तिला सांगा ताबा.

लहानपणी आमच्याकडे करडईची शेतं असायची, काट्यांमुळे आत जायची सोय नसायची. आता भाऊ म्हणतो, कापायला माणूस मिळत नाही आणि भाव पामच्या भावाशी बांधलेला. कोण लावणार?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. काकू गेल्यापासून काका एकटेच आहेत. त्यांच्या ओट्यावर मी त्याच चिवड्याची रिकामी पाकिटं पाहिली आहेत, रात्रीचं जेवण तेच असतं बऱ्याचदा. दुकानात उभं राहून 'डायट' शब्द शोधून त्यांनी ते पाकीट माझ्यासाठी उचललं, त्यात वाईट काही नव्हतं. त्यांनाही शुगर आहे. मागचं बारीक अक्षर त्यांना चष्म्यातूनही दिसत नाही, आणि ते तसं छापणाऱ्याला हे नीट माहीत आहे.

म्हणून ग्रुपवर उत्तर देणार नाही. संध्याकाळी वर डबा पाठवते, भाकरी आणि मेथीची भाजी. पण काका, पुढचा करार येईल तेव्हा तिरंगे टाकायच्या आधी तेलाचं कलम वाचू, दोघं मिळून, माझ्या चष्म्याने.

आणि कमेंटमध्ये कीटो कोणी सुचवू नका. मी भाकरी सोडणार नाही.