जादूगरीण व्हायचंय? मग चार गोष्टी ऐक

हे बघ बयो, मध्ययुगीन युरोपच्या आख्यानात परी किंवा जादूगरीण म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी एखादं बेट बघून ठेव. दरबारापासून लांब, सफरचंदांचं. आर्थर राजाच्या कथांतल्या मॉर्गनची सुरुवातीला अशीच सोय होती. ११५०च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथनं मर्लिन या जादूगाराचं लॅटिन चरित्र लिहिलं. त्यातली मॉर्गन म्हणजे नऊ बहिणींतली सगळ्यांत हुशार. औषधी वनस्पती ओळखणारी, रूप बदलणारी, हवेतून उडणारी, वर बहिणींना गणित शिकवणारी. एवढं येऊनही तिच्या नावानं कुणी बोटं मोडली नाहीत. जखमी आर्थरला तिनं सोन्याच्या पलंगावर निजवलं, जखम तपासली आणि बराच काळ राहिलास तर बरा होशील म्हणाली ना! बाईनं हवं तेवढं शिकावं, फक्त शेवटी शुश्रूषेला लागावं.

तेव्हा आधी मलम करायला शीक. फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वाच्या काव्यांत मॉर्गनच्या मलमानं सरदार खडखडीत बरे होतात. मलमाबद्दल कधी कुणाची तक्रार नसते. स्वतःच्या मनाचं काही करायला गेलीस, की पुढच्या शतकात तुझी फाइल उघडलीच म्हणून समज. तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांत याच मॉर्गननं एक दरी मंतरली. प्रेयसीशी बेइमानी केलेला सरदार आत शिरला, की बाहेर पडणं नाही. दरी भरत गेली. मग आर्थरचा सरदार लान्सलॉट आला, त्यानं सगळ्यांना सोडवलं, त्याच्या एकनिष्ठेचा उदोउदो झाला (एकनिष्ठा राजाच्या बायकोशी, पण ते असो). आणि वाईट कोण? दरी मंतरणारी.

लग्न करणार असशील तर अट याद्यांच्या वेळीच लिहून घे. फ्रेंच कथेतल्या मेल्युझीन परीनं घातली होती : शनिवारी मला बघायचं नाही. बाकीचे सहा दिवस तिनं किल्ले बांधले, गावं वसवली, शिवाय दहा मुलगे दिले. नवऱ्यानं, म्हणजे रेमोंदँनं, भावाचं ऐकून तलवारीच्या टोकानं दाराला भोक पाडलं. आत बायको न्हाताना केस विंचरतेय आणि बेंबीखाली सापाची जाडजूड शेपटी! मग गड्यानं काय केलं? भोक मेणानं बुजवलं. मला ते मेण फार आवडतं. तिनंही कळून न कळल्यासारखं केलं. पुढे मुलाच्या गुन्ह्याचा राग बायकोवर काढत त्यानं चारचौघांत तिला ‘सापीण’ म्हटलं, तेव्हा ती खिडकीतून उडून गेली. तरी तान्ह्यांना पाजायला रात्री येतच होती. नागीण झालीस म्हणून रात्रपाळी चुकेल, या भ्रमात राहू नकोस. ज्याँ दारासनं ही कथा १३९३मध्ये लिहिली, तीही मेल्युझीनला आपली मूळमाता मानणाऱ्या लुझिन्याँ घराण्याचा किल्ला ताब्यात असलेल्या बेरीच्या ड्यूकसाठी. किल्ला मिळत असेल तर मूळपुरुषाच्या जागी शेपटीवालीही चालते.

शिकवणी लावताना म्हातारे गुरू टाळ. मर्लिन निम्यू नावाच्या तरुणीच्या मागे लागला. ती त्याला कंटाळली होती, घाबरलीही होती, हे आर्थरकथा लिहिणाऱ्या इंग्रज मॅलरीनं स्वच्छ लिहिलंय. त्याचीच विद्या वापरून तिनं त्याला दगडाखाली कोंडलं. सुटली, असं तुला वाटेल. मॅलरीचं पुस्तक १४८५ साली छापलं गेलं आणि १८५९मध्ये इंग्रज कवी टेनिसननं तीच गोष्ट सांगितली, तेव्हा म्हाताऱ्याच्या मागे तीच लागलेली! बिचारा मर्लिन.

राहता राहिलं माहेर. मॅलरीच्या मॉर्गनला शिकायला मठात घातलं आणि ती जादूटोण्यात पंडित होऊन बाहेर पडली. तिनं भावाच्या, म्हणजे आर्थरच्याच, तलवारीचं म्यान पळवून तळ्यात फेकलं. साधंसुधं म्यान नव्हे. ते जवळ असलं की कितीही वार झाले तरी रक्त जात नसे. शेवटच्या लढाईत डोकं फुटल्यावर त्याच आर्थरला उचलून तिच्या नावेत आणतात, आणि एक राणी त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणते, भाऊराया, इतका उशीर का केलास? जखमेला गारठा लागला ना! तू पण नाव तयार ठेव, मलम हाताशी ठेव, आणि म्यानाचा विषय अजिबात काढू नकोस.