ओठ गाण्यात, ओढणी संथ: रामबागच्या कट्ट्यावरचा वाद

इंदुरातल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या समाध्यांवर, एक गाणं चित्रित करायचंय. गायिका पायऱ्या उतरते, ओढणी संथ लहरते, ओठ मात्र गाण्याशी तंतोतंत जुळलेले. एवढ्यावरून पेटलं.

"त्यात काय, भिया! सेकंदाला २५ फ्रेमने घे, एडिटमध्ये ऑप्टिकल फ्लो लावून वेग निम्मा कर," मंदार म्हणाला.

"आणि ओठ? तेही निम्म्या वेगाने हलतील ना!" वृषाली उसळली. "शिवाय सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम अंदाजाने रचतं. बोटं, झुमके, ओढणीची कड, सगळं चिकटून वितळल्यासारखं दिसतं. गाणंच दुप्पट वेगात वाजव. फाइल २०० टक्के वेगाची कर, पट्टी तीच ठेव, नाहीतर गायिकेला स्वतःचा आवाज ओळखू यायचा नाही. कॅमेरा ५० फ्रेमला, टाइमलाइन २५ची. फुटेज निम्म्या वेगावर आलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात."

"दुप्पट लयीत तोंड नीट उघडतं का?" श्रीपादचा मुद्दा खरा होता. द्रुत गाण्यात ओठ अर्धवटच मिटतात, आणि प, ब, म आले की चोरी पकडली जाते. विलंबित ओळीच तेवढ्या ५०वर घ्याव्यात. ओठ पुटपुटून भागत नाही, खरंच गायला लावायचं, म्हणजे गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात. तबलजीचे हात मात्र चौकटीबाहेर. दुप्पट लयीत तो खरे बोल वाजवणार कुठून?

श्रीपादचा तोडगा ३० फ्रेमचा होता: गाणं १२० टक्क्यांवर, ओढणीला थोडीशीच लहर, चेहऱ्यावर ताण नाही. पण कॅमेऱ्यातले ३० बहुधा २९.९७ असतात, तेव्हा फाइल ११९.८८ टक्क्यांची हवी. नाहीतर चार मिनिटांच्या गाण्यात शेवटाकडे ६ फ्रेमचा फरक पडतो आणि बिचारा एडिटर आपलंच काहीतरी चुकलं म्हणून शोधत बसतो.

मंदार आता उजेडावर घसरला. "५०ला शटर १/१०० सेकंदाचं लागेल. प्रकाश निम्मा. रात्री करणार काय?"

लेन्स एक स्टॉप उघडायची, म्हणजे उजेड दुप्पट येतो, किंवा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) दुप्पट. पण १/१०० सोडायचं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० आणि १/१०० दोन्ही त्याला चालतात. ३० फ्रेमला सवयीने १/६० ठेवलं की मागच्या दिव्यांची धडधड सुरू झालीच म्हणून समजा, आणि ती नंतर काढणं म्हणजे डोकेदुखी.

आवाजावर मात्र तिघांचं एकमत झालं, हे नवलच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या स्लो मोडमध्ये आवाज रेकॉर्डच होत नाही. म्हणून गाण्याआधी तीन ठोके टाकायचे आणि चौथ्यावर कॅमेऱ्यासमोर टाळी. साध्या ५०पी (सेकंदाला ५० फ्रेमच्या) मोडमध्ये आवाज येतो. पण स्पीकर गायिकेजवळ आणि कॅमेरा ३० मीटरवर असला, तर आवाज ०.०९ सेकंद उशिरा पोचतो. आवाजावरून जुळवलं की निम्म्या वेगाच्या फुटेजमध्ये ओठ ४ फ्रेम आधी हलतात. क्लिप तेवढी पुढे सरकवायची.

"मग अख्खं गाणं ५०वर घेऊया," मंदार म्हणाला.

"अख्खं नाही!" दोघं एकदमच ओरडले. अंतरा संथ, ध्रुवपद सरळ २५वर, असं वृषालीचं मत. श्रीपादला नेमकं उलटं हवंय.