घंटी हातानं वाजव ना!

पाच-सहा गावांत मोटर वाइंडिंगचं दुकान एकच, आणि ते माझं. आर्वीपर्यंत कोण नेणार, म्हणून विहिरीवरच्या सगळ्या जळक्या मोटरी माझ्याच दारात येऊन पडतात. सोयाबीन निघालं, चण्याची पेरणी तोंडावर आली, की वर्षभर विहिरीवर गंजत पडलेली मोटर लोकांना एकदम सख्ख्या भावासारखी आठवते. नेमकी त्याच ऑक्टोबरात पोरगी शाळेतून एक कागद घेऊन आली. नववीचा विज्ञान प्रकल्प. एक साधं काम, पण ते किमान दहा पायऱ्यांत करणारं यंत्र बनवा. पहिला धक्का दिला की पुन्हा हात लावायचा नाही. तरफ, कप्पी आणि उतार तिन्ही पाहिजेत. सगळं टाकाऊ वस्तूंतून, खर्च शून्य. मुदत आठ दिवस.

"साधं काम म्हणजे कोणतं?"

"घंटी वाजवायची, बाबा."

माय ओसरीत सुपारी कातरत बसली होती. तिनं मान वर केली. "घंटी वाजवाची हाय त हातानं वाजव ना! त्याले दहा पायऱ्या कायले?"

पुढच्या आठ दिवसांत याच्याइतकं शहाणपणाचं कोणी काही बोललं नाही.

पोरीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की या वेडाचा मूळपुरुष अमेरिकेतला रूब गोल्डबर्ग. शिकला इंजिनिअरिंग, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी-गटार खात्यात सहा महिने टिकला आणि मग व्यंगचित्रं काढायला लागला. १९३१ साली त्यानं जेवताना आपोआप तोंड पुसणारा रुमाल काढला. सुपाचा चमचा वर गेला की दोरी ओढली जाते, पळी उडते, पळीतलं बिस्कीट पोपटासमोरून जातं, पोपट झेप घेतो, त्याची दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, त्या वजनानं लायटर पेटतो, रॉकेट सुटतं, रॉकेटला बांधलेला विळा दोरी कापतो आणि रुमाल लंबकासारखा झुलत हनुवटीवरून फिरतो.

"विळा आहे आपल्याकडे," पोरगी म्हणाली.

पोपटही शेजाऱ्याकडे होता. रॉकेटला मी नाही म्हटलं, कारण ओसरीला लागूनच कुटाराचा, म्हणजे वाळल्या भुशाचा ढीग. गोल्डबर्गचं बरं होतं, तो कागदावर काढून मोकळा. कागदावर माझीही कोणती मोटर आजवर जळलेली नाही.

कामाला लागलो. उतारासाठी ड्रिपची जुनी नळी घेतली. नळी १६ एमएमची, त्यातून सोडायचा कंचा, म्हणजे काचेची गोटी, तीही १६ एमएमची, म्हणून मी खूश. कंचा तोंडाशीच अडकला. नळीचं माप बाहेरून मोजतात आणि आतून ती चौदाच्याही खाली भरते, हे मला, म्हणजे आयुष्यभर एमएममध्येच जगणाऱ्या माणसाला, पोरीनं स्केल लावून दाखवलं. मग दुकानातलं ६२०५ नंबरचं गेलेलं बेअरिंग फोडून त्यातला छर्रा काढला. तो नळीतून असा गेला की थेट नालीत. अर्धा तास शोधला. बेअरिंगमध्ये अजून आठ होते, पण वाइंडरचा जीव छर्र्यात असतो.

सुरुवात आगपेट्यांच्या रांगेनं करायची होती. शेवटच्या पेटीनं वीट पाडायची. पडली नाही. पोरीनं पुन्हा मोबाइल काढला. १९८३ साली लॉर्न व्हाइटहेड नावाच्या माणसानं दाखवून दिलं होतं म्हणे, की उभा ठोकळा स्वतःहून दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो. म्हणजे आगपेटी आणि विटेच्या मधे चढत्या मापाची माणसं उभी करायला पाहिजेत. आगपेटीनंतर साबणाची वडी आली, मग चहापत्तीचा डबा, मग वीट. तिथून घराचे हाल सुरू झाले. आंघोळीला गेलो तर साबण यंत्रात. चहा ठेवावा तर पत्ती यंत्रात. कप्पीवरच्या दोरीला खाली ओढायला नेमकं जेवढं वजन लागत होतं, तेवढं घरात फक्त मायच्या अडकित्त्याचं होतं. दर तासाला तिला तलफ आली, की ती नववी पायरी उचलून घेऊन जायची आणि सुपारी कातरून झाली की भलत्याच जागी ठेवून द्यायची. बायको ओसरी झाडायला आली, नुसतं पाहिलं आणि झाडू तिथंच टाकून निघून गेली. झाडूची पाचवी पायरी झाली.

दुकानातली गिऱ्हाइकं आधी मोटरीचं विचारायला यायची आणि मग तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तिथंच बसायची. प्रत्येकाला यंत्रातलं कळत होतं. "भाऊ, नयीले अजून उतार देऊन पाहा." "भाऊ, ते दोरी ढिली हाय." एकानं तर स्वतःच्या मोटरीवर बसूनच सल्ला दिला. मोटर त्याची सहा दिवसांपासून उघडी पडलेली, पण दोरी ढिली असल्याचं दुःख त्याला जास्त.

एक गोष्ट मात्र खरी. तिसऱ्या दिवशी मला हे यंत्र कळलं, आणि ते कळलं मोटरीच्या स्टार्टरमुळे. स्टार्टरची एवढीशी कॉइल खटकन ओढते आणि मोठा कॉन्टॅक्ट बसतो. कॉइल काही मोटर फिरवत नाही. ती फक्त वाट मोकळी करते, ताकद लाइनीतून येते. इथंही आगपेटीची ताकद घंटीपर्यंत जात नाही. टांगलेला अडकित्ता, उभी वीट, वर ठेवलेला छर्रा, प्रत्येकजण आपापली स्थितिज ऊर्जा घेऊन दबा धरून बसलेला. मागच्यानं फक्त पुढच्याला सोडवायचं. हे मी पोरीला इतक्या उत्साहानं सांगितलं की ती म्हणाली, "सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाबा."

तरी यंत्र चालेना. कधी तिसरीवर अडायचं, कधी सातवीवर, कधी आम्ही श्वास सोडला की आधीच पडायचं. पंखा लावायची सोय नव्हती, कारण वाऱ्यानं आगपेट्या आडव्या व्हायच्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही बापलेक घामानं थबथबून एकेक पेटी उभी करत होतो. पोरीनं हिशेब मांडला. एक पायरी शंभरात नव्वद वेळा बरोबर चालते असं धरलं, तर दहाच्या दहा एकापाठोपाठ चालण्याची शक्यता शंभरात पस्तीस.

"म्हणजे काठावर पास," मी म्हटलं.

आमचा निकाल त्याहून वाईट होता. शुक्रवारपर्यंत चाळीसेक प्रयत्न झाले आणि घंटी एकदाही वाजली नाही. शून्य खर्चाचा आकडा ४१० रुपयांवर गेला, तेव्हा मी तो लिहिणंच सोडलं.

शनिवारी संध्याकाळी शेवटची मांडणी केली आणि लाइट गेली. यंत्र तसंच ठेवून झोपलो. रात्री दोनच्या सुमारास मायची किंकाळी. "चोर! चोर!" मी पाना घेऊन धावलो. ओसरीत उजेड, डोक्यावर पंखा गरगर फिरतोय, आगपेट्या आडव्या, वीट आडवी, अडकित्ता खाली आणि बैलाची पितळी घंटी अजून हलतेय.

लाइट आली की कळावं म्हणून मायनं पंख्याचं बटन चालू ठेवलं होतं.

दहाच्या दहा पायऱ्या. पोरगी डोळे चोळत उठून बसली आणि रडायलाच लागली, कारण व्हिडिओ नाही. साक्षीदार एक, तीही चोर आला म्हणणारी. "आजी, कशी वाजली सांग ना!" माय म्हणाली, "वाजली बापा. मंग म्याच धरून बंद केली."

सोमवारी शाळेत ते चौथ्या पायरीवर अडलं, मग सहाव्या. सर लिहायला खाली पाहत तेव्हा पोरगी पेन्सिलीच्या टोकानं ऊर्जेचं रूपांतर करत होती. वीसपैकी पंधरा मिळाले. आजीची साक्ष ग्राह्य धरली नाही.

घरी येऊन तिनं शेरा वाचून दाखवला: 'प्रयत्न चांगला. पायऱ्या आणखी वाढवता आल्या असत्या.' वाचून झाल्यावर तिनं दुकानाच्या फळीवरच्या जुन्या बेअरिंगांच्या डब्याकडे पाहिलं. मी जेवणाआधी तो डबा माळ्यावर टाकला, वरून गोणपाट झाकलं आणि शिडी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली.