दुसऱ्याच्या चिठ्ठीवर अंडं वाढायच्या गोळ्या

अमळनेरला आमचं मेडिकल आहे. कुणीतरी दुसऱ्याच बाईच्या नावाची, घडीवर फाटलेली डॉक्टरची चिठ्ठी काउंटरवर ठेवतं. "ताई, मन्ही सूनले बी याच गोया दे." का, तर शेजारणीला याच गोळ्यांनी जुळं झालं. मी देत नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जातं आणि तिथे मिळतातही, याचा मला जास्त राग येतो.

गोळ्या असतात क्लोमिफेन नाहीतर लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुरू करून पाच दिवस. लेट्रोझोल अंगात इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) बनू देत नाही, क्लोमिफेन मेंदूला त्याचा पत्ता लागू देत नाही. मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलं, मग तो एफएसएच, म्हणजे अंडं वाढवणारं हार्मोन, वाढवतो आणि अंडं वाढायला लागतं. पीसीओडीमुळे (हार्मोन बिघडल्यानं होणारा अंडाशयाचा त्रास) अंडं फुटतच नसेल तर खरंच उपयोग होतो. तिथे हल्ली आधी लेट्रोझोलच देतात. (ते मूळचं स्तनाच्या कॅन्सरचं औषध. वंध्यत्वासाठी वापरायला २०११ मध्ये आपल्याकडे बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. मोबाईलवर अर्धवट वाचून घाबरलेल्यांसाठी सांगितलं.)

पण निम्मं काम सोनोग्राफीचं असतं. फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, १८-२० मिलिमीटरच्या आसपास गेलं की बऱ्याचदा अंडं सुटण्यासाठी एचसीजी हार्मोनचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडं सुटतं. एकदम तीन-चार वाढली तर जुळी-तिळी राहायची भीती, म्हणून डॉक्टर तो महिना सोडून द्यायला सांगतात. चिठ्ठी उसनी आणलीत तर हे बघणार कोण? जुळ्याचे पेढे सगळे खातात. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवावी लागली तर ते बिल कुणी दाखवत नाही.

आणि नवऱ्याची तपासणी? विचारलं की सासूबाई फणकारतात, "त्याले काय धाड भरनी?" अहो, वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. शुक्राणूच नसतील तर सुनेनं वर्षभर गोळ्या गिळून काय होणार? तिच्या गर्भाशयाच्या नळ्या बंद असल्या तरी तेच. कानबाईला नवस बोला, माझी ना नाही. पण सुनेची चिठ्ठी आणाल तेव्हा मी मुलाचा रिपोर्ट विचारणार. आणि पाच-सहा पाळ्या गोळ्या घेऊनही काही झालं नसेल, तर तीच पट्टी मागायला माझ्याकडे नका येऊ, डॉक्टरकडे परत जा.