‘पाऊस नाही म्हणून सोलापूर मागं’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: सोलापूर पर्जन्यछायेत, पाऊस कमी म्हणून पीक कमी, पीक कमी म्हणून पैसा कमी, त्यात माणसं फार, म्हणून पोरं पुण्याला जातात, आणि यातून सुटका करेल ते फक्त पाणी. खाली ठळक अक्षरात, ‘भूगोलापुढे कुणाचं चालत नाही’. मी मानवी भूगोल शिकवते आणि हा मेसेज मला माझ्याच विद्यार्थ्यांनी पाठवला, म्हणून उत्तर देणं भागच आहे. भूगोल असं म्हणत नाही हो.

पाऊस कमी हे खरंच आहे, वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास. पण ‘निसर्ग ठरवेल तसा माणूस घडतो’ या विचाराला निसर्गवाद म्हणतात, एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या रॅट्झेल या भूगोलतज्ज्ञाच्या नावाशी तो जोडला गेला, आणि त्याला फ्रान्सच्या विदाल द ला ब्लाश यांनी उत्तरही दिलं की निसर्ग फक्त शक्यता समोर ठेवतो, त्यातली कुठली उचलायची ते माणूस ठरवतो. हा संभववाद. बारावीच्या पोरांना दोन्ही व्याख्या पाठ असतात आणि तरी असला मेसेज वाचून मान डोलावतात याचं मला वाईट वाटतं.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी बघा ना. पावसाळा संपत आला की पेरणी, नंतर पाऊस जवळपास नाहीच, सगळं पीक काळ्या खोल जमिनीत साठलेल्या ओलीवर. जमीन भेगाळायला लागली की कोळपणी करायची, भेगा मातीनं बुजवायच्या म्हणजे आतली ओल उडत नाही. हे ज्ञान आभाळातून नाही पडलं, पिढ्यान् पिढ्या शेतात राबून आलंय, आणि कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात 1933 पासून चालू आहे. सांगोल्यात तर पाण्याची आणखी ओढ, तिथं लोकांनी डाळिंब लावलं. आज डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे ते उगाच नाही.

आणि शहराचं काय? ‘जुनी मिल’ म्हणतात ती सोलापूरची कापड गिरणी सुरू झाली 1877 मध्ये. म्हणजे 1876 ते 78 च्या त्या भयंकर दुष्काळात! पावसावर सगळं ठरत असतं तर त्या वर्षी इथं कुलूप लागायला हवं होतं. पण त्याआधीच मुंबईहून येणारी रेल्वे पोचली होती, आसपास कापूस होता, बाजारपेठ होती, आणि दुष्काळानं गाव सोडलेले हात कामाला मिळाले. भूगोलात स्थान आणि स्थिती हे दोन वेगळे शब्द याचसाठी आहेत. स्थान म्हणजे गाव बसलंय ती जागा, तिथली माती, पाणी, चढउतार. स्थिती म्हणजे इतर गावं, रस्ते, रेल्वे, बाजार यांच्याशी तिचं नातं. सोलापूर मोठं झालं ते मुख्यतः स्थितीमुळं. पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा पाऊस होता तेवढाच होता.

‘माणसं फार’ हा मुद्दा आकड्यांपुढे टिकतच नाही. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 290 माणसं, राज्याची 365, कोल्हापूरची 504. आता कोल्हापूर गरीब म्हणायचं का? नुसत्या घनतेवरून गरिबी कळत नाही, एवढंच.

आता पोरं पुण्याला. जातात, नाही कोण म्हणतंय. पण मेसेजमध्ये फक्त ढकलणारं कारण आहे, ओढणारं नाही. पुण्यातला पगार, कंपन्या, कॉलेजं, आधीच तिथं गेलेला मामेभाऊ ज्याच्या रूमवर पहिले काही महिने काढता येतात, हे सगळं गाळलंय. बारमाही बागायत असलेल्या घरातली पोरंसुद्धा जातात, त्यांच्याकडं तर पाणी आहे ना? स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रेव्हनस्टाइननं 1885 मध्येच मांडलं होतं की स्थलांतराच्या प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आणि सोलापूर फक्त माणसं पाठवणारं शहर नाही, माणसं घेणारं आहे. पूर्व भागात एक चक्कर मारा, मागाचा खडखडाट आणि घराघरात तेलुगू ऐकू येईल. पद्मशाली विणकर तेलंगणातून याच कमी पावसाच्या गावात आले कारण इथं काम होतं, आणि ज्या सोलापुरी चादरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय ती त्यांच्या हातची आहे. काम असेल तिथं माणूस येतो, ही साधी गोष्ट आपल्याच शहरात दिसत असताना मेसेज म्हणतो पावसामुळं जातात.

राहिलं ‘पाणी आलं की सगळं सुटेल’. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, आणि त्यातलं खूप उसाकडं गेलं. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आज आपण आहोत, 550 मिलिमीटर पावसात! ग्रिफिथ टेलर या भूगोलतज्ज्ञानं निसर्गवाद आणि संभववाद यांच्यामधला रस्ता सांगितला होता, ‘थांबा आणि जा’: माणूस वेग कमीजास्त करू शकतो पण निसर्गानं दाखवलेली दिशा सोडून गेला तर फटका बसतो. म्हणजे निसर्गाचं काहीच चालत नाही असं मीही म्हणत नाहीये. पण उजनीचं कुठलं आवर्तन, म्हणजे कालव्यातल्या पाण्याची पाळी, कधी सोडायचं ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, तिथं माणसं बसलेली असतात, आणि त्यांना प्रश्न विचारता येतात.