अंगठा कुणाचा?

आमच्या फॅमिली ग्रुपचं नाव 'आपली माणसं' आणि ॲडमिन मी, म्हणजे भांडण कुणाचंही असो शिव्या मलाच. 2019 च्या पावसाळ्यापर्यंत तिथे फक्त गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीचे उपाय यायचे. मग आरेची झाडं आली. मुंबईच्या मेट्रो 3 चं कारशेड, म्हणजे गाड्या ठेवायची जागा, बांधायला आरे कॉलनीतली झाडं पाडायची ठरली होती.

काका मेट्रोवाले. तीस वर्षं लोकलच्या दाराला लटकलेला माणूस, मेट्रो 3 म्हटलं की गळा दाटून यायचा. आतेबहीण झाडंवाली, रविवार आला की आरेत बोर्ड घेऊन उभी. ती म्हणायची जंगल, हे म्हणायचे कसलं जंगल गं, म्हशींचे तबेले आहेत तिथे! ती म्हणायची बांधा मिठी नदीकाठी कारशेड आणि बसा पुरात पोहत, हे म्हणायचे मेट्रोने गाड्या कमी होतील, धूर कमी होईल, खरा पर्यावरणवादी मीच. कार्बन दोघांनाही कमी करायचा होता, फक्त समोरच्याचा. गाडी "आधी तुझा एसी बंद कर" आणि "मामा, तुमची बिल्डिंग काय खडकातून उगवली का" वर आली. त्यात अमिताभ बच्चननी मेट्रोचं कौतुक करून बागेत झाडं लावा म्हटलं, तर आत्याने त्याचे पिक्चर बघणंच सोडलं (आठवडाभर).

4 ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू. इकडे आईने ग्रुपवरच विचारलेलं (पर्सनल मेसेज ही भानगड तिला मान्य नाही), "उद्या डब्याला भेंडी चालेल ना?" मी अर्धवट झोपेत अंगठा पाठवला. मधल्या सेकंदात बहिणीचा झाडं पाडतानाचा व्हिडिओ येऊन पडलेला. अंगठा बरोब्बर त्याच्याखाली.

सकाळी 114 मेसेज. बहीण, "दादा, तू पण?" काका, "शाब्बास! घरात एक तरी समजूतदार निघाला." घाबरून डिलीट केला तर काका म्हणे पोरगा दबावाला बळी पडला, आणि बहीण म्हणे पुरावा नष्ट केला. भेंडीचं कुणी ऐकूनच घेईना. सोमवारी सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं गेली होती आणि ग्रुपमधून नऊ माणसं. माणसं परत लावता लावता दिवाळी आली.

पुढे कारशेड कांजूरमार्गला काय गेलं, परत आरेत काय आलं, दरवेळी माझा बीपी. 2024 च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी मेट्रो धावली, काकांचा लगेच सेल्फी. बहिणीने खाली नुसतं लिहिलं, "2,141". ग्रुप चिडीचूप. मग आई टाइप करताना दिसली, बराच वेळ.

"मेट्रोत डबा खाऊ देतात का रे?"

मी फोन पालथा ठेवला. दोन्ही अंगठे खिशात.